फ्रेंचमधली आई

८ सप्टेंबर

ट्राममध्ये बसून लिहितेय, त्यामुळे अक्षर नाचतंय, माझा इलाज नाही. क्लिव्हलीझ गेलं की थोड्या वेळाने उजव्या हाताला समुद्र येतो आणि मग माझं लिहिण्यात लक्ष राहत नाही. आज ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की परत यायचं विसरलं की काय असं वाटलं.

फ्रेंचला आम्ही तिघं. तीनच! भूगोलाला वर्ग भरून पोरं, आणि इथे मी, हारिस आणि इमोजन. गेल्या वर्षीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी मादाम केटलवेल आल्यात. बाई आहेत यॉर्कशरच्या, घरी चहाबरोबर तिथलीच बिस्किटं खात असणार, पण फ्रेंचच्या बाईला मादाम म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

आल्या आल्या म्हणाल्या, घरच्यांबद्दल बोला. मला काय, हे तोंडपाठ. बाबा डॉक्टर, दोन धाकटे भाऊ, एक कुत्रा, आणि आई औषधाच्या दुकानात. आई रविवारी जर्दाळूचा जॅम करते आणि करताना गाते. मादामनी मान तिरकी करून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "किती गोड आई आहे तुझी!"

आता इथे खरं लिहून टाकते, इथे कोण बघतंय. बाबा लोकांच्या घरी गालिचे बसवतात. भाऊ एकही नाही. कुत्रा जवळ आला की बाबांना शिंका येतात. आणि आई मी दहा वर्षांची असताना वारली. हे शेवटचं वाक्य मी आजवर तोंडाने कुणालाही सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आधीपासूनच माहीत आहे, आणि बाकीच्यांना मी फ्रेंचमध्ये भेटते.

यात मी काही जगावेगळं केलेलं नाही हां. फ्रेंच शिकणारं प्रत्येक पोर थापा मारतं. अकराव्या वर्षी, पहिल्याच तासाला, बाईंनीच सांगितलं होतं: "खरं असायची गरज नाही, वाक्य बरोबर हवं. एखादा शब्द येत नसेल तर जो येतो तो घाला." गालिचे बसवणाऱ्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते कुणाला ठाऊक? झाले बाबा डॉक्टर. आईबद्दल मी लिहिलं, ती स्वयंपाकघरात गाते. बाईंनी शेजारी हसरा चेहरा काढला. तेव्हापासून ती तिथे आहे.

२६ सप्टेंबर

शाळेतलं फ्रेंच म्हणजे, आई कुठे काम करते, केस कोणत्या रंगाचे, संपलं. कॉलेजातलं ए-लेव्हलचं तसं नाही. इथे प्रत्येक गोष्टीवर मत लागतं. लग्न करावं की नुसतं एकत्र राहावं? संप करणाऱ्यांचं बरोबर की चूक? मला कशावरच मत नाही, मग मी म्हणते, "माझी मामां म्हणते की..." आणि काय आश्चर्य, फ्रेंचमधल्या त्या आईकडे, मामांकडे, मत असतं! मामां संपाच्या बाजूने आहे. मामांला वाटतं, लग्न छान, पण केक जास्त महत्त्वाचा. मामां तुरुंगांच्या विरुद्ध आहे.

मादाम मागच्या बाईंसारख्या नाहीत, एका वाक्यावर सोडत नाहीत. जॅममध्ये साखर किती? दुकानात तिला कोण त्रास देतं? पावसात छत्री घेते का? मी विचार न करता उत्तरं देत जाते आणि ती मोठी होत जाते. आता तिला पिवळी छत्रीसुद्धा आहे. वर्गातून बाहेर पडले की वाटतं कुठल्या तरी छान घरून आले.

१५ ऑक्टोबर

हारिसला कळलंय. त्याचा स्वतःचा फ्रेंच बाप शिडाची होडी चालवतो, खरा बाप दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे त्याने मला नावं ठेवू नयेत.

कँटीनमध्ये चिप्स खाता खाता म्हणाला, "तुझ्या आईचं जरा जास्तच होतंय हं. परवा तर ती संसदेला पत्र लिहीत होती."

"मग? तुझा बाप वादळात अडकला होता त्याचं काय?"

"माझा बाप संध्याकाळी घरी येतो, ब्रायनी."

त्याने पुढे ताणलं नाही, स्वतःच्या चिप्स माझ्याकडे सरकवल्या. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. इमोजन मात्र आपल्याच नादात होती. तिच्या घरच्यांचं फ्रान्समध्ये, दोर्दोन्यला सुट्टीचं घर आहे, तिथे तलाव आहे, घोडा आहे. ती एकटीच वर्गात खरं बोलते आणि तिचंच सगळं थापेसारखं वाटतं.

११ नोव्हेंबर

मेले! पालकभेट गुरुवारी आहे. आज तास संपताना मादाम म्हणाल्या, "आईंना नक्की आण बरं का. मला त्या जॅमची कृती हवीय."

घरी सांगायचंच नाही असं ठरवलं होतं, पण कॉलेजने बाबांच्या फोनवर थेट निरोप पाठवलाय. मी म्हटलं, "बाबा, तू कशाला येतोस? पाहुण्यांसारखं नुसतं बसायचं असतं." तर म्हणाले, "पाहुणा तर पाहुणा. बिस्किटं देतात ना?"

१३ नोव्हेंबर

झालं. बाबा थेट कामावरून आले, गुडघ्यांना ठिगळं लावलेली ती पँट घालून, केसांत गालिच्याचे निळे तंतू. ट्रामने नाही, व्हॅनने. ट्रामने ते येतच नाहीत. इंग्लिशच्या सरांकडे मी त्यांच्याबरोबर बसले. फ्रेंचचा नंबर आला तशी मी म्हटलं माझं पोट दुखतंय, आणि स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं. एकदम भित्रेपणा. माहीत आहे.

बाहेर आले तेव्हा बाबा आणि मादाम टेबल सोडून खिडकीपाशी उभे होते. मादाम नाक पुसत होत्या, त्यांना सर्दी झालीय. बाबा बाहेर गाड्यांकडे बघत काहीतरी सांगत होते आणि हाताने हवेत काहीतरी फाडत होते, तिकीट फाडावं तसं. गालिचा कसा कापतात तेच सांगत असणार. त्यांना दुसरं येतं काय!

व्हॅनमध्ये मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुझं फ्रेंच झकास आहे म्हणाल्या."

"आणखी?"

"आणखी काय असणार? चांगली बाई आहे." मग बराच वेळ वायपर चालू ठेवून गाडी चालवली, पाऊस थांबला होता तरी.

म्हणजे आईचा विषय निघालाच नाही. सुटले बाई!

४ डिसेंबर

मादामचं काहीतरी बिनसलंय. जॅमबद्दल एक अक्षर नाही. छत्री नाही, संप नाही. आता विचारतात, "तिचा आवाज कसा आहे?" "ती हसते तेव्हा आधी डोळे हसतात की तोंड?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी अडखळले. म्हटलं, गोड आवाज आहे. मादाम म्हणाल्या, "गोड सगळ्यांच्याच आयांचा असतो. घाई नाही. आठवून सांग."

आठवून! चिडचिड झाली नुसती. थापेतलं कुणी आठवून सांगतं का?

घरी आले तर बाबा जमिनीवर पाठ टेकून, पाय सोफ्यावर टाकून पडले होते. गुडघे धरलेत. मी म्हटलं उद्या जाऊ नकोस कामाला. तर छताकडे बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणून सांगतो, थोड्या विश्रांतीने बरं वाटेल." आणि स्वतःच खुदकन हसले. हल्ली कशावरही हसतात.

१९ जानेवारी

आज भांडण झालं. म्हणजे मीच केलं. दुकानात जर्दाळू दिसले, डब्यातले, म्हणून घेऊन आले आणि म्हटलं, "बाबा, जॅम करूया का? आई करायची तसा?"

बाबा चहाचा कप हातात धरून तसेच उभे. "कुणाची आई?"

"माझी. रविवारी करायची ना? गात गात."

"ब्रायनी, तुझ्या आईला धड टोस्ट भाजता येत नव्हता. धुराची घंटा वाजली की आपण म्हणायचो, चला, नाश्ता झाला. आणि जर्दाळू तर तिला बघवत नव्हते."

मी म्हटलं, "तुला काहीच आठवत नाही," आणि दार आपटून वर आले. पण रडू आलं ते त्यांच्यामुळे नाही. मला ते स्वयंपाकघर दिसतंय. खिडकीतलं ऊन, पितळी पातेलं, तिचा हात, चमच्यावरून ओघळणारा जॅम. आमच्या घरी पितळी पातेलं नाहीच! मग हे मला कुठून दिसतंय? आणि टोस्ट मात्र दिसत नाही. कितीही डोळे मिटले तरी दिसत नाही. मी आईला फ्रेंचमध्ये सांभाळून ठेवलंय असं समजत होते इतकी वर्षं, आणि त्या दुसरीने खऱ्या आईची जागाच घेतली.

२३ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा मे महिन्यात. मादामच घेणार, शेजारी यंत्र चालू, ते सगळं रेकॉर्ड होऊन कुठल्या तरी अनोळखी परीक्षकाकडे जाणार. दोन कार्डं देतात, एक निवडायचं. आणि एक नियम आहे जो दरवर्षी कुणीतरी विसरतंच: आपणही परीक्षकाला एक प्रश्न विचारायचा. नाही विचारला की गुण कापले.

हारिसने सरावात विचारलं, "आणि तुमचं यावर काय मत आहे?" इमोजनने विचारलं, "आणि तुमचं यावर काय मत आहे?" मी पण तेच.

मादामनी पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं झाली, सगळ्यांचा हाच प्रश्न. मला आजवर कुणी खरोखर काही विचारलंच नाही रे." आणि हसल्या, पण हारिसने नंतर त्यांना दार उघडून दिलं. एरवी तो स्वतःच आधी पळतो.

कुटुंबाचं कार्ड आलं तर माझं सोनं आहे, सगळे म्हणतात. मामांला घेऊन गेले की एकही चूक होत नाही माझी. आणि लँकेस्टर युनिव्हर्सिटीला फ्रेंचसाठी जायचं तर मला वरचीच श्रेणी हवी. पण तिला आणखी एकदा बोलू दिलं तर माझ्या खऱ्या आईचं काय उरेल, याची भीती वाटते. हे कुणाला सांगणार?

१७ मार्च

पहिल्यांदाच फ्रेंचमध्ये स्वप्न पडलं! असं स्वप्न पडलं की मादाम चॉकलेट देतात, म्हणजे भाषा आत उतरली म्हणे.

समुद्राकाठचा रस्ता, धुकं, आणि धुक्यात जुनी हिरवी-पांढरी ट्राम उभी. आई पायरीवर उभी होती, कंडक्टरच्या गणवेशात. आई खरंच कंडक्टर होती ट्रामवर. हे मी कधी लिहिलंच नाही की काय? तर ती माझ्याकडे वाकून बोलत होती, अस्खलित फ्रेंच, सुंदर, आणि मला शब्द न् शब्द कळत होता. मी इतकी खूश झाले की जाग आली.

मग पलंगावर बसून विचार करत होते, आवाज कुठेतरी ऐकलाय. आणि लक्षात आलं. श्रवणाच्या सरावात ती बाई असते ना, फलाट बदलल्याची घोषणा करते, हवामान सांगते, हरवलेल्या पिशवीची तक्रार करते, तिचा आवाज होता तो. माझी आई त्या टेपवरच्या बाईच्या आवाजात बोलत होती.

चॉकलेट घेतलं नाही मी. स्वप्नाचं सांगितलंच नाही मादामना.

१२ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. बाबा ओट्यापाशी बटाटे सोलत होते. त्यांच्याकडे पाठ करून मी विचारलं, कारण तोंड बघून विचारता आलं नसतं. "बाबा, आईचा आवाज कसा होता?"

सुरी थांबली. मला वाटलं आता विषय बदलतील, आम्ही दोघंही त्यात पटाईत आहोत. पण त्यांनी हात पुसले, स्वयंपाकघराच्या मध्ये येऊन उभे राहिले, एक हात वर करून न दिसणारा दांडा पकडला, आणि नाकातून, घोगऱ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "घट्ट धरा रे पोरांनो, फेरीबोटीचं वळण येतंय! ज्याचा तोल जाईल त्याने मला चहा पाजायचा!"

अगं आई गं! तीच! घोगरा होता तिचा आवाज, कावळ्यासारखा, सगळे तिला चिडवायचे. मी मागच्या बाकावर पाय हलवत बसलेली असायचे आणि वळणावर मुद्दाम पडायचे. मला चहा कुठला परवडायला, मग मी तिला उसना पापा द्यायचे. टोस्टचा वाससुद्धा आला मला. खरंच आला.

आम्ही दोघं हसलो, आणि मग हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. बटाटे तसेच राहिले. संध्याकाळी मासे आणि चिप्स आणून खाल्ले.

८ मे

आज होती.

बाहेर तयारीच्या टेबलावर दोन कार्डं. एक सिनेमाचं, एक बदलत्या कुटुंबाचं. सिनेमाचं सोपं होतं, देवाशप्पथ. मी कुटुंबाचं उचललं आणि कोऱ्या कागदावर एक शब्दही लिहिला नाही. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, तिच्याकडे बघत बसले.

आत मादामनी यंत्र सुरू केलं, माझं नाव आणि क्रमांक सांगितला, त्यांचा परीक्षेचा कडक आवाज. कार्डावरचे प्रश्न झाले. मग म्हणाल्या, "तुझ्या स्वतःच्या कुटुंबाबद्दल काय सांगशील?"

मामां आली होती. पिवळी छत्री मिटून माझ्या शेजारी उभी होती, नेहमीसारखी तयारीत. मला तिचा राग नाही आला. तिने सांभाळलं मला इतकी वर्षं. मी तिला मनातल्या मनात म्हटलं, तू बस आता.

आणि सांगितलं. माझी आई वारली. मी दहा वर्षांची होते. ती ट्राममध्ये तिकिटं द्यायची. तिला स्वयंपाक येत नव्हता. बाबा आणि मी, दोघंच, असंही कुटुंब असतं आणि ते कार्डावरच्या आकड्यांत कुठे बसतं मला माहीत नाही. चुका इतक्या झाल्या की विचारू नका. आईचं ते वळणावरचं ओरडणं सांगायला गेले तर अर्धे शब्दच येत नव्हते, मी खुर्चीत तोल जाऊन दाखवला. मादामनी तोंडावर हात धरला. रेकॉर्डमध्ये हसलेलं चालत नाही.

माझं बोलून झालं. मादाम माझ्याकडे बघत होत्या, पापणी न हलवता. त्यांना सुचवायची परवानगी नसते. घड्याळाकडे बघितलं त्यांनी, पुन्हा माझ्याकडे. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रश्न! प्रश्न विचारायचा राहिला!

"आणि तुमचं..." इथपर्यंत आले आणि थांबले. मला त्यांचं मत नको होतं. मला दुसरंच विचारायचं होतं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच.

मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

मादाम म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये. मी तुझ्या वडिलांना जॅमची कृती विचारली."

"ते काय म्हणाले?" हा दुसरा प्रश्न, याचे गुण नसतात.

"सुरुवातीला त्यांना काही उमगलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, कुत्रा, ती गाते ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मला फ्रेंच येत नाही, मादाम. पण ती तिथे असेल तर राहू द्या. पोरीची तयारी झाली की पोरगी सांगेल.'" मादामचा परीक्षेचा आवाज कधीच गेला होता. त्यांनी समोरचा कागद उलटा केला, सुलटा केला. "आता आपण दुसऱ्या भागाकडे वळू."

दुसऱ्या भागात मी काय बोलले ते मला खरंच आठवत नाही.

त्याच दिवशी, घरी

बाबा ओट्याला टेकून उभे होते. कामावर गेलेच नव्हते वाटतं. "मग? डॉक्टर पास झाला का?"

म्हणजे डिसेंबरपासून हा माणूस मला इशारे देत होता आणि मी ढिम्म!

"त्याला काढून टाकलं," मी म्हटलं. "गालिचे बसवतो असं सांगितलं."

"अरेरे. मोठ्या घराला मुकलो म्हणायचं. आणि कुत्रा?"

"कुत्राही गेला."

"ते एक बरं झालं." मग कपातल्या चहाकडे बघत, हळूच, "आणि ती?"

मी म्हटलं, "आई वारली, बाबा."

आपल्या भाषेत, आपल्या स्वयंपाकघरात, मोठ्याने. इतकं साधं वाक्य. छत पडलं नाही.

"हो गं राणी," बाबा म्हणाले. "वारली." आणि मला जवळ ओढलं. त्यांच्या खांद्याला गोंदाचा आणि नव्या गालिच्याचा वास येतो, तोच आला.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, चल, बाहेर जाऊ. त्यांनी व्हॅनची किल्ली उचलली. मी ती त्यांच्या हातातून काढून परत खुंटीला अडकवली. ते किल्लीकडे बघत राहिले, मग कोट घातला.

ट्राममध्ये ते आधी कुठे बसावं ते न कळून उभेच राहिले. कंडक्टर कुणी नवीन पोरगी होती, तिने तिकिटं दिली आणि पुढे गेली. भरती आली होती, पाणी पार भिंतीपर्यंत होतं. परतताना फेरीबोटीचं वळण आलं तेव्हा मी दांडा घट्ट धरला. बाबांनी धरलाच नाही, आणि सगळ्यांच्या देखत ते माझ्या अंगावर कोसळले.

चहा त्यांनीच पाजला.